चिमण्यांची ज्वारी

आई गेल्यानंतर चाळणी सापडली. अमरावतीच्या घरात, मधल्या खोलीच्या माळ्यावर, गोधड्यांच्या गाठोड्यामागे, आईच्याच विरलेल्या पातळाच्या तुकड्यात नीट गुंडाळून ठेवलेली. पत्र्याची गोल कड, एका बाजूला पोचा, मध्ये बारीक तारेची जाळी. ही चाळणी घरातून नाहीशी होऊन कितीतरी वर्षं झाली होती. "कोण शेजारीण घेऊन गेली अन् परत आणलीच नाई," असं आई सांगायची, आणि नवी आणायची मात्र तिला कधी आठवण व्हायची नाही. मी माळ्यावरून उतरले, तिथंच जमिनीवर बसले आणि चाळणीच्या कडेवर अंगठी वाजवून पाहिली. लहानपणच्या साऱ्या सकाळी त्या आवाजात होत्या.

बाहेरच्या खोलीत बाबा बसले होते, उजवा पाय समोरच्या खुर्चीवर. अंगठ्याची दिवाळीतली जखम भरत आली होती, पण आई गेल्यापासून ती पुन्हा ओली राहू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. साखर खाली आली नाही तर अंगठा ठेवता येणार नाही, आणि मग पायाचंही काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी अकोल्याच्या शाळेतून रजा घेऊन आले होते ती यासाठीच. बाबा गोळ्या न चुकता घेत, पण जेवत नसत. ताट समोर आलं की दोन घास मोडत आणि पाणी पिऊन उठत. गोळ्या घ्यायच्या आणि पोटात काही घालायचं नाही हे तर आणखी वाईट, हे मी त्यांना समजावून थकले होते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दिवस उजाडायचा तो चाळणीनं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसायची. एका हातानं चाळणी हलवायची आणि दुसऱ्या हाताची अंगठी तिच्या कडेवर पडत राहायची. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कणकेची बारीक धूळ तरंगायची. चाळणीत उरलेला कोंडा एका वाडग्यात जमा व्हायचा, आणि शेजारच्यांची शेळी त्याची वाट पाहत कुंपणाशी उभी असायची. मग तव्यावरच्या पोळीचा वास घरभर पसरायचा. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांना पोळी पातळ लागायची आणि पांढरीशुभ्र लागायची. ताटात पोळी आली की ते तिला लगेच हात लावत नसत, क्षणभर नुसते पाहायचे.

भाकर आमच्या घरात होत नव्हती. साऱ्या आळीत संध्याकाळी भाकरी थापल्याचे आवाज यायचे, आमच्या घरातून कधी नाही. माझ्या वर्गात एक मैत्रीण होती, तिच्या घरचा भाजीचा मळा होता. तिच्या डब्यात ज्वारीची भाकर, वर अंबाडीची भाजी, नाहीतर लाल मिरचीचा ठेचा आणि जवसाचं तेल. तिला माझ्या पोळ्यांचं अप्रूप, मला तिच्या भाकरीचं. आमची रोज अदलाबदल. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून जो कोमट, किंचित गोड वास येतो, तो मला आमच्या घरात कधीच आला नाही. एका रविवारी मी आईला विचारलं, "आपल्याकडे भाकर काहून करत नाई?" आईचा हात पोळपाटावर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं.

बाबा हात धुऊन उठले. दुपारी गच्चीवर पापड वाळत होते, मी कावळे हाकत बसले होते, तिथे ते येऊन बसले. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली.

"मी तुयाहून लहान होतो. आमच्या घराकडं गावकीची पाळी असे, गावाचं काम कराचं अन् बदल्यात भाकर मांगाची. सांज झाली का आजा काठी घेऊन निघे. घोंगडीची झोळी खांद्यावर, अन् मी त्याच्या मांगं. दारापाशी उभं राहाचं, 'भाकर वाढ माय' म्हणाचं. आत पाय टाकाचा नाई. भाकर वरून पडे." त्यांनी एक पापड उचलून पालथा केला. "घरी आल्यावर माय त्या भाकरी सुपात मांडे. मी डोये मिटून वास घेत होतो अन् सांगत होतो, हे पाटलाकडची, हे दुकानदाराकडची, हे कालची शिळी. कधी चुकलो नाई. सगळे हसत. मले वाटे आपण लय हुशार."

नंतर बौद्ध धम्माची दीक्षा झाली. वस्तीनं ठरवलं, आता कोणी दारोदार जायचं नाही. त्या वर्षी चुली पुष्कळदा थंड राहिल्या, पण कोणी गेलं नाही. "नोकरी लागली त्याच दिवशी मी ठरवलं," बाबा म्हणाले, "माया घरात जवारी येणार नाई. बस." मग त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतः कावळे हाकायला लागले. त्यानंतरही मी मैत्रिणीची भाकर खात राहिले, पण घरी येताना चूळ भरून यायचे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही आत्याकडे जायचो, दर्यापूरपासून जीपनं पुढे. जीपमध्ये माणसं, पिशव्या आणि एखादी कोंबडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळी जमीन, आणि तिच्यावर डोक्याहून उंच उभी ज्वारी. वारा आला की ताटांची, त्या उंच धाटांची, पानं एकमेकांवर घासायची आणि तो सळसळाट जीपच्या आवाजातूनही ऐकू यायचा. वावरात मचाण असायची. तिच्यावर उभं राहून आत्येभाऊ गोफण फिरवायचा, डबा बडवायचा, आणि पाखरांचा एक मोठा थवा या ताटांवरून उठून त्या ताटांवर बसायचा. संध्याकाळी गोवऱ्यांच्या आरात, लाल निखाऱ्यांत, कणसं भाजायची. आत्या गरम कणीस तळहातांत चोळायची, फुंकर मारायची आणि हिरवा, दुधाळ हुरडा आमच्या ओंजळीत टाकायची. बोटं पोळायची. ओठांना कुसं चिकटायची. सोबत तिखट, भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि थंडीनं पाठ गारठलेली, तोंड आरानं तापलेलं. एवढं सुख मला पुढं कुठल्याच जेवणात मिळालं नाही.

बाबा आरापासून थोडे लांब, बैलगाडीच्या जुवावर बसून राहायचे. आत्या त्यांची धाकटी बहीण. त्यांच्यासाठी ती वेगळ्या गव्हाच्या पोळ्या करायची, तिच्याकडे गहू सणासुदीलाच असला तरी. त्या पोळ्या फडक्यात बांधून ती स्वतः नेऊन द्यायची.

"दादा, मी बी त्याच घरची हावो," ती एकदा म्हणाली. "मांगत होतो थे वाईट होतं. भाकरीचा काय गुन्हा? हे तं माया वावरातली हाये."

"तुयं खरं हाये," बाबा म्हणाले. "पण माया घशाखाली नाई उतरत."

आत्यानं पुन्हा कधी आग्रह केला नाही. पोळ्यांचं फडकं मात्र शेवटपर्यंत चुकलं नाही.

ती ज्वारी आता कुठं राहिली. कधी गेली तेही नीट आठवत नाही. एका वर्षी जीपमधून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी गुडघ्याएवढं सोयाबीन, आणि नजर एकदम दूरच्या बाभळींपर्यंत पोहोचली. मचाणी गेल्या. कडब्याच्या गंज्या गेल्या, त्यांच्या आडोशाला खेळायचे आमचे खेळ गेले. गोफण कशी विणतात हे आत्येभावालाही आता आठवत नाही. आत्या तेवढी वावराच्या कडेला गावरान ज्वारीची चार तासं, चार ओळी, हट्टानं पेरत राहिली, घरापुरती. पाखरं आता एवढ्याशा ज्वारीवर सगळी तुटून पडतात, असं ती म्हणायची आणि तरीही पेरायची.

बाबांना साखर निघाली ती निवृत्तीच्या सुमारास. डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होत्या, नव्यानंच दवाखाना टाकलेला. त्या म्हणाल्या, "काका, गोळ्या तर चालूच राहतील. पण ताट बदला. पांढरा भात कमी, चाळलेल्या कणकेच्या पोळ्या कमी. कोंड्यासकट कणीक खा, ज्वारीची भाकर खा, डाळ, पालेभाजी. असं धान्य खाल्लं की साखर हळूहळू चढते, एकदम उसळत नाही. तेही पोटभर नाही, बेतानं."

"भाकर सोडून काही सांगा," बाबा म्हणाले.

"का हो? आता लोक हॉटेलात मागून मागून खातात भाकर."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मागून मागून हा शब्द त्या बाईंनी सहज वापरला होता, त्यांची काही चूक नव्हती. आई शेजारी बसून सगळं ऐकत होती आणि ती एक अक्षर बोलली नाही. खरंतर तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

त्या महिन्यात चाळणी हरवली.

मग आत्याकडून ज्वारीचं एक छोटं पोतं आलं. जीपवाल्यानं दारात उतरवलं. बाबांनी विचारलं, हे काय. आई म्हणाली, "चिमण्यांसाठी. गच्चीवर टाकाले. आजकाल चिमण्या कुठं दिसतात?" बाबांनी पोत्याकडे पाहिलं. मग ते पोतं जिन्याच्या वरच्या पायरीवर, गच्चीच्या दाराशी ठेवायचं ठरलं. म्हणजे ज्वारी घरात आलीच नव्हती. बाबांचा शब्द शाबूत राहिला, आणि रोज सकाळी मूठभर ज्वारी ते स्वतःच गच्चीच्या कठड्यावर टाकू लागले. चिमण्या खरंच यायला लागल्या.

उरलेली ज्वारी कुठं जात होती हे आईनं मला फोनवर सांगितलं, तेही हसत हसत आणि दार लोटून घेऊन. दळणाचा डबा चक्कीवर बाबाच न्यायचे, आईची कंबर दुखायची म्हणून. आई डब्याच्या तळाशी ज्वारी घालायची, वर गहू ओतायची आणि तळहातानं सपाट करायची. झाकण उघडलं तरी गहूच दिसावा. चक्कीवाले गणीभाई आईच्या कटात सामील होते. ते डबा बाबांसमोर कधी उपसत नसत, आत नेऊन एकदम दगडांवर ओतत. आधी मूठभर ज्वारी होती. मग ओंजळभर झाली. पुढं पुढं तर निम्मीशिम्मी. "तुया बाबाले सांगशील तं पाय," आई म्हणायची.

पोळी बदलत गेली. आधी नुसती भुरकट झाली. मग लाटताना कडा फाटू लागल्या, आई गरम पाणी घालून कणीक मळायला लागली, पोळी जाड झाली आणि तव्यावर पहिल्यासारखी फुगेना. मी सुटीत जायचे तेव्हा जेवताना दोघांचं ठरलेलं बोलणं ऐकायचे.

"यंदाचा गहू काही बरोबर नाई," आई पोळी वाढत म्हणायची.

"हाव. गव्हात पयल्यासारखा दम नाई राहिला," बाबा म्हणायचे आणि खायचे.

दर वर्षी नवा गहू यायचा, दर वर्षी तो बरोबर नसायचा. दुकान बदलू असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. कधी कधी बाबा जिन्यावरून उतरता उतरता म्हणायचे, "तुया चिमण्या लय खादाड झाल्या वं. पोतं अर्धं झालं." आई म्हणायची, "लेकुरवाळ्या हायेत त्या." मी ताटात तोंड खुपसून हसू दाबायचे. डॉक्टरीणबाईही खूश होत्या. "भाकर सुरू केली ना काका?" त्यांनी एकदा विचारलं. "नाई. पोळीच खातो," बाबा म्हणाले, आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. अशी वर्षं गेली. बाबांची साखर हाताबाहेर गेली नाही, डोळे शाबूत राहिले, गच्चीवर चिमण्या येत राहिल्या.

आई या वर्षी थंडी सरता सरता गेली, झोपेतच. तिनं दळून आणवलेलं पीठ डब्यात तसंच होतं. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली तसा मी स्वयंपाक हातात घेतला आणि त्याच पिठाच्या पोळ्या करू लागले. बाबा थोडं थोडं खात होते. डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा माझा हात आखडू लागला. शेवटची पोळी अगदी लहान झाली. ती मी त्यांच्या ताटात वाढली आणि त्यांनी ती पूर्ण खाल्ली, ताटात पडलेला तुकडासुद्धा बोटानं टिपून.

पुढं काय करायचं हे मला कळेना. जिन्याच्या वरच्या पायरीवर ज्वारीचं पोतं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. तळाशी ज्वारी आणि वर गहू घालणं काही कठीण नव्हतं. पण ते आईनं करायचं होतं. आयुष्यभर त्यांच्या शब्दाला जपलेल्या बाईलाच तो असा चोरून मोडण्याचा अधिकार होता, मला नव्हता. मी नुसता गहू दळून आणला, आणि बाबांचं जेवण दोन घासांवर आलं. आणि त्याच आठवड्यात चाळणी सापडली. मला वाटलं, नाहीतरी जेवत नाहीत, निदान आवडीची पोळी समोर आली तर दोन घास तरी जातील. मी खिडकीखाली बसले, चाळणीच्या कडेवर अंगठी वाजवत कणीक चाळली आणि पातळ, पांढऱ्या पोळ्या केल्या. अगदी लहानपणच्या.

बाबांनी ताटाकडे पाहिलं, पूर्वी पाहायचे तसंच, पण किती तरी वेळ. मग पोळीचा तुकडा मोडला, नाकाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

"तुयी आई गेली अन् गहू सुधरला, नाई?" ते म्हणाले.

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, तिचा वास आला तेव्हा मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून." त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं. "डोये मिटून मी दुसऱ्यांची घरं ओळखत होतो, बाई. माया घरची पोळी नाई ओळखणार?"

"मग इतकी वर्षं बोलले काहून नाही?"

बाबा पायावरच्या पट्टीकडे पाहत राहिले. "बोललो असतो तं मले नाई म्हणा लागलं असतं," ते म्हणाले.

मग ते रडले. आई गेली तेव्हा सगळ्यांसमोर ताठ बसून राहिलेले माझे बाबा त्या पांढऱ्या पोळीसमोर रडले, आणि मीही रडले. आई-बाबा एकमेकांना वाचवत आले होते. तिनं त्यांचा पाय वाचवला, त्यांनी तिची चोरी वाचवली, आणि दोघांनी मिळून गव्हावर सगळा दोष टाकला. असा संसार मी दुसरा पाहिलेला नाही.

बऱ्याच वेळानं बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं. "चिमण्यांची जवारी खाली आण," ते म्हणाले.

मी पोतं खाली आणलं. उंबऱ्याशी आले तेव्हा माझी पावलं आपोआप थांबली. बाबांनी ते पाहिलं. "आण आत," ते म्हणाले. "पाखरांपुरती मूठभर राहू दे."

डबा त्यांनी स्वतः भरला. आधी गहू ओतला, मग त्यावर ज्वारी. तळहात फिरवून सपाट केली. मी म्हटलं, तुम्ही घरी थांबा, पाय दुखेल. पण त्यांनी ऐकलं नाही. रिक्षात ते डबा मांडीवर धरून बसले, झाकणावर दोन्ही हात.

चक्कीत दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. भिंतींवर, जाळ्यांवर, गणीभाईंच्या भुवयांवर पिठाचा पांढरा थर. गणीभाईंनी बाबांना खुर्ची दिली, आईबद्दल दोन शब्द बोलले, "बडी नेक बाई होती" असं म्हणाले. मग डबा उचलला आणि सवयीप्रमाणे आत न्यायला निघाले.

"इथंच उघड," बाबा म्हणाले.

गणीभाईंनी झाकण काढलं. वर ज्वारी पाहून त्यांनी झटकन झाकण परत लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचं गुपित आपल्या हातून फुटलं असं त्यांना वाटलं असावं.

"दादाजी, आज जवारी वर कशी आली?"

"आता कोणापासून लपवाचं हाये?" बाबा म्हणाले.

गणीभाईंनी झाकण पुन्हा काढलं. त्यांनी डबा दगडांवर रिकामा केला आणि पट्टा चढवला. चक्की घरघरू लागली. बाबा खुर्चीचा हात धरून उठले, लंगडत पुढं गेले आणि पीठ पडायच्या कापडी नळीखाली त्यांनी तळहात धरला. कोमट पीठ मुठीत घेऊन नाकाशी नेलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

"जवारी कमी पडली," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुयी आई याहून जास्त टाकत होती."